शेठ प्रेमचंद रायचंद : जमीन, तारण आणि दान

श्रावकाच्या पाचव्या अणुव्रतात, म्हणजेच परिग्रहपरिमाण व्रतात, ज्या वस्तूंची मर्यादा गृहस्थाने स्वतःहून बांधून घ्यावयाची, त्यांची नावे तत्त्वार्थसूत्रात दिलेली आहेत. सोने, रुपे, धन, धान्य ही सर्व त्यात येतात. परंतु प्रारंभ होतो तो क्षेत्र आणि वास्तू यांपासून, म्हणजे जमीन आणि घर यांपासून. हा क्रम सहज पडलेला असो वा हेतुपुरस्सर असो, जमीनजुमल्याचा मोह सोन्याच्या मोहापेक्षा अधिक खोल असतो हे व्यवहारात पदोपदी दिसते. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात सद्गृहस्थाचे पस्तीस गुण सांगितले आहेत. त्यांत पहिले स्थान न्यायाने मिळविलेल्या वैभवाला आहे. घर कोठे व कसे असावे, शेजार कसा असावा, याचाही तेथे विचार आहे. आणि खर्च उत्पन्नाच्या मानाने करावा हेही सांगितलेले आहे. एकोणिसाव्या शतकातील मुंबईचे सुप्रसिद्ध जैन श्रेष्ठी शेठ प्रेमचंद रायचंद यांचे चरित्र वाचताना हे तीनही गुण वारंवार आठवतात. कधी ते पाळले गेले म्हणून, आणि कधी ते दृष्टीआड झाले म्हणून.

प्रेमचंदांचा जन्म १८३१ मध्ये सुरत येथे एका जैन कुटुंबात झाला. वडील रायचंद दीपचंद, आई राजाबाई. सुरतेचे जुने वैभव तोपर्यंत ओसरले होते आणि गुजरातेतील उद्यमी कुटुंबे एकामागून एक मुंबईचा रस्ता धरीत होती. रायचंदांचे कुटुंबही त्यांतलेच. मुंबईत आल्यावर लहानग्या प्रेमचंदांना इंग्रजी शिक्षणाचा लाभ झाला, आणि हीच गोष्ट पुढे त्यांच्या उत्कर्षाचे मूळ ठरली. त्या काळी शेअरांची व हुंड्यांची दलाली करणारे बहुतेक सर्व लोक मोडी किंवा गुजराती वहीवर व्यवहार चालवीत. इंग्रज बँकवाल्यांशी बोलावयाचे तर दुभाष्याची गरज पडे. १८५२ च्या सुमारास दलालीच्या धंद्यात उतरलेले प्रेमचंद हे इंग्रजी बोलू, वाचू व लिहू शकणारे पहिले देशी दलाल मानले जातात. टाऊन हॉलसमोरच्या वडाच्या झाडाखाली जमणाऱ्या त्या मोजक्या दलालांत हा तरुण लवकरच अग्रभागी आला. स्मरणशक्ती विलक्षण, हिशेब तोंडी, आणि दिलेला शब्द पाळण्याची ख्याती. कागदावर काहीही न लिहिता मोठमोठे सौदे ते लक्षात ठेवीत, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील संस्थानांची बंदरे उत्तरेच्या आरमाराने रोखली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस बंद झाला. त्या गिरण्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. गुजरात, खानदेश, वऱ्हाड आणि धारवाडचा कापूस मुंबई बंदरातून सोन्याच्या भावाने जाऊ लागला. चार वर्षे मुंबईत पैशाचा पूर लोटला. कापसाच्या व्यापारात प्रेमचंदांची पकड पक्की होती. त्यांच्या हाती अल्पावधीत एवढी संपत्ती आली की शहरातील कोणतीही नवी कंपनी त्यांच्या संमतीवाचून उभी राहणे कठीण झाले.

आलेला पैसा कोठे गुंतवावा, हा प्रश्न त्या वेळी सर्वांपुढेच होता. मुंबई हे बेट. जमीन मर्यादित, आणि माणसे लोटत होती. १८६४ च्या खानेसुमारीत शहराची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत किल्ल्याचा जुना तट पाडून मोकळ्या झालेल्या जागेचे भूखंड विकले जात होते. राहण्यास खोली, वखारीस जागा, पेढीस गाळा मिळेनासा झाला. अशा शहरात समुद्र हटवून नवी जमीन तयार करावी, ही कल्पना कोणासही वेडेपणाची वाटण्यासारखी नव्हती. किंबहुना कल्पना मुळात योग्यच होती. बाधली ती कल्पना नव्हे, तर तिच्यावर उभारलेला कर्जाचा मनोरा.

बॅक बे रेक्लमेशन कंपनी ही त्यातली सर्वांत गाजलेली. मलबार हिल आणि कुलाबा यांच्यामधील उथळ उपसागराचा किनारा भरून काढावयाचा, त्यातील एक पट्टा रेल्वेसाठी सरकारास द्यावयाचा आणि उरलेली जमीन कंपनीने विकावयाची, अशी योजना होती. या कंपनीमागची मुख्य शक्ती प्रेमचंदांची. मुंबई सरकारनेही तिचे ४०० भाग स्वतः घेण्याचे ठरविले होते. परंतु हिंदुस्थान सरकारने त्यास मनाई केली. मग १८६४ मध्ये ते भाग लिलावात निघाले आणि त्यांवर एक कोटी रुपयांहून अधिक रक्कम जास्तीची आली. पाच हजार रुपये भरलेला एकेक भाग पुढे पन्नास हजारांच्या घरात जाऊन पोहोचला. हे सर्व घडत असताना ज्या जमिनीसाठी ही किंमत मोजली जात होती, तिच्यावर दिवसातून दोन वेळा भरतीचे पाणी येत होते.

या ठिकाणी जमीन विकत घेणे आणि जमिनीच्या कंपनीचा भाग विकत घेणे यांतला भेद नीट पाहिला पाहिजे. घराच्या किंवा शेताच्या खरेदीत चतुःसीमा ठरलेल्या असतात. पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक. विकणाऱ्याकडे ती वास्तू कोठून आली याचे दस्तऐवज असतात. योगायोगाने त्याच १८६४ मध्ये हिंदुस्थानात दस्तनोंदणीचा सर्वसाधारण कायदा संमत झाला आणि खरेदीखत, गहाणखत सरकारी कचेरीत नोंदवून घेण्याची पद्धत रूढ होऊ लागली. बॅक बेच्या भागधारकाच्या हाती मात्र एक छापील कागद होता. त्याला चतुःसीमा नव्हत्या. जमीन भरून निघेल, ती विकली जाईल, त्यात नफा होईल आणि तो वाटला जाईल, अशा चार होईल-निघेलवर त्याचे मोल अवलंबून होते. पाचवी गोष्ट, उद्या हा कागद आपल्याकडून अधिक भावाने कोणीतरी घेईल, हीच काय ती त्या काळी लोकांस खात्रीची वाटत होती.

एवढ्यावर निभावले असते, तर ज्याचा पैसा त्याचे नुकसान एवढेच झाले असते. परंतु लोक हे कागद घेत होते ते कर्जाऊ पैशाने, आणि कर्ज मिळत होते ते त्याच कागदांच्या तारणावर. १८६५ च्या प्रारंभी मुंबईत ३१ बँका व ८ जमीन-कंपन्या होत्या, यावरून पैशाची उलाढाल ध्यानात यावी. या सर्वांत ज्येष्ठ व प्रतिष्ठित होती ती १८४० मध्ये स्थापन झालेली, सरकारचाही भाग असलेली बँक ऑफ बॉम्बे. तिच्या जुन्या सनदेत कर्ज देण्यावर कडक बंधने होती. १८६३ च्या नव्या कायद्याने ती सैल झाली आणि कंपन्यांच्या शेअरांवर कर्ज देण्याची मुभा मिळाली. बँकेच्या सेक्रेटरीवर प्रेमचंदांचा प्रभाव असाधारण होता. अमुकास कर्ज द्यावे असा त्यांचा शब्द गेला की कर्ज मंजूर होई. पुष्कळदा तारण अपुरे असे. कित्येकदा नुसती वैयक्तिक सही पुरे होई.

तारणाच्या या व्यवहाराचे गणित एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्याने चाळीस हजार रुपयांचा एक भाग घेतला; त्यात दहा हजार स्वतःचे आणि तीस हजार बँकेचे. भाव पन्नास हजार झाला तर दहा हजारांचे वीस हजार झाले, आणि तो शहाणा ठरला. पण भाव पाच हजारांवर आला, तर बँकेच्या हातातील तारण पाच हजारांचे राहते आणि कर्ज मात्र तीस हजारांचेच. ते पंचवीस हजार ऋणकोने आपल्या घरातून, दागिन्यांतून, वाडवडिलांच्या वाड्यातून द्यावयाचे. त्याच्याजवळ ते नसतील तर बँकेने आपल्या भांडवलातून सोसावयाचे. आणि असे ऋणको एक नव्हे, हजारो असतील, तर तारण विकण्यास बँक बाजारात जाते तेव्हा घेणारा कोणी उरत नाही. घर असो वा शेअर, तारणाचे खरे मोल समजते ते लिलावाच्या दिवशी. आणि तो दिवस बहुधा सर्वांनाच पैशाची चणचण असलेला असतो.

१८६५ च्या एप्रिलमध्ये जनरल ली यांनी शरणागती पत्करली आणि अमेरिकेतील युद्ध संपुष्टात आले. ती वार्ता मुंबईस पोहोचताच कापसाचे भाव कोसळले. त्यापाठोपाठ शेअर कोसळले. मोठमोठे व्यापारी मे महिन्यापासूनच बुडू लागले. १ जुलै १८६५ हा असंख्य मुदतीच्या सौद्यांचा चुकता करण्याचा दिवस होता. त्या दिवशी घेणारे पैसे देऊ शकले नाहीत, म्हणून विकणारे आपले देणे देऊ शकले नाहीत, आणि सारी साखळी तुटली. ज्या भागाला पन्नास हजार मागत होते तो कोणी फुकट घेईना. एवढे दिवाळखोर सर्वसाधारण न्यायालयांना आवरणे अशक्य, म्हणून त्याच वर्षी खास कायदा करावा लागला. त्यानुसार ऋणकोची मिळकत विश्वस्तांच्या ताब्यात जाई आणि तिच्या विक्रीतून धनकोंची वाटणी होई. विश्वस्त हा शब्द धर्मादाय संस्थांच्या संदर्भात ऐकण्याची आपल्याला सवय आहे. त्या वर्षी मुंबईच्या अनेक घरांत तो शब्द प्रथम गेला तो घरावर ताबा घेणाऱ्याचा म्हणून.

प्रेमचंदांवरही तीच पाळी आली. शहराला हवा तसा नाचविणारा हा पुरुष पस्तिशीच्या आसपास असताना आपली मिळकत धनकोंच्या हवाली करून बसला. १८६६ च्या मे महिन्यात लंडनची ओव्हरेंड गर्नी ही मोठी पेढी बुडाली आणि उरलासुरला विश्वासही संपला. प्रेमचंदांशी निगडित असलेली एशियाटिक बँकिंग कॉर्पोरेशन त्याच वर्षी बंद पडली. बँक ऑफ बॉम्बेची इमारत उभी होती, परंतु सुमारे दोन कोटींच्या भांडवलातील बहुतेक भाग बुडीत कर्जांत गेला होता. १८६८ मध्ये ती गुंडाळावी लागली. सरकारने सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. आयोगाने सैल झालेला कायदा, दुबळे सेक्रेटरी आणि निष्काळजी संचालक यांना दोष दिला; प्रेमचंदांच्या बँकेवरील अवाजवी प्रभावाचीही नोंद घेतली.

आपल्या समाजातील थोर पुरुषांची चरित्रे लिहिताना हा भाग गाळण्याची प्रथा आहे. दानाच्या रकमा ठळक छापाव्यात आणि दिवाळ्याचा उल्लेख एका ओळीत उरकावा, असे बहुतेक ठिकाणी आढळते. परंतु बँकेचे भांडवल म्हणजे कोणाचे तरी घामाचे पैसे होते. त्यात मोठे सावकार होते तसेच सरकारी नोकरीतून साठविलेली पुंजी ठेवणारेही होते. १८७२ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ६,४४,४०५ एवढी खाली आली. सात-आठ वर्षांत पावणेदोन लाख माणसे कमी झाली, याचा अर्थ तेवढे संसार येथून उठले. या ओहोटीचे सारे खापर एका माणसावर फोडणे अन्यायाचे होईल. युद्ध संपणारच होते आणि लोभ सर्वांचाच होता. तथापि शेठजींचा वाटा त्यात मोठा होता, आणि न्यायसंपन्न वैभवाच्या कसोटीवर त्यांच्या आयुष्याची ती तीन-चार वर्षे पुरी उतरत नाहीत, हे मान्य केल्याने त्यांचे मोठेपण उणे होत नाही.

कारण मोठेपण पुढे आहे. बुडालेल्यांपैकी कित्येक जण तोंड लपवून शहर सोडून गेले. प्रेमचंद मुंबईतच राहिले. ज्या बाजारात त्यांचे नाव बुडाले त्याच बाजारात ते पुन्हा दलाली करू लागले, आणि मुख्यतः कापसाच्या धंद्यात त्यांनी हळूहळू आपली पत परत मिळविली. ही गोष्ट सांगण्याइतकी सोपी नाही. पैसा गेलेला माणूस पैसा पुन्हा मिळवू शकतो. पत गेलेल्यास उधारीवर तांदूळही कोणी देत नाही. १८७५ मध्ये मुंबईच्या देशी शेअर दलालांनी एकत्र येऊन आपली संघटना स्थापन केली, तीच आजचा मुंबई शेअर बाजार. तिच्या संस्थापकांत प्रेमचंदांचे नाव आदराने घेतले जाते. आदल्या पिढीच्या सट्ट्याने पोळलेल्या लोकांनी सौद्यांना नियम व शिस्त असावी म्हणून ही संघटना बांधली, हे त्यातले मर्म होय.

आता त्यांच्या दानाकडे वळू. १८६४ मध्ये, वैभवाचा सूर्य माथ्यावर असताना, प्रेमचंदांनी मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले. काही आठवड्यांतच आणखी दोन लाख दिले. ग्रंथालयाला जोडून घड्याळाचा मनोरा बांधावा आणि त्यास आपल्या मातोश्रींचे नाव द्यावे एवढीच त्यामागची इच्छा. कलकत्ता विद्यापीठासही त्यांनी दोन लाख रुपये दिले; त्यातून निर्माण झालेली प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती पुढे सर आशुतोष मुखर्जी, सर जदुनाथ सरकार यांच्यासारख्या विद्वानांनी मिळविली. अहमदाबादेचे अध्यापन महाविद्यालय, सुरतेची मुलींची शाळा, भडोचचे ग्रंथालय या संस्थांनाही प्रेमचंदांच्या किंवा त्यांच्या वडिलांच्या नावे साहाय्य झाले. ज्या काळी मुलींना शाळेत धाडणे म्हणजे घराण्यास बट्टा मानला जाई, त्या काळी कन्याशाळेस पैसा देणारा श्रावक विरळाच.

विद्यापीठाचे काम सावकाश चालले. १८६९ मध्ये पायाभरणी झाली. आराखडा विलायतेतील नामांकित वास्तुविशारद सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. मनोरा पुरा होण्यास १८७८ साल उजाडले. उंची २८० फूट. ग्रंथालय व मनोरा मिळून खर्च साडेपाच लाखांच्या आसपास. मूळ चार लाखांवर मधल्या वर्षांत जे व्याज साठले, ते उपयोगी पडले. म्हणजे देणारा कफल्लक झाला त्या काळात त्याने दिलेले धन वाढत होते. त्यावर ना बँकेचा बोजा होता, ना धनकोंचा दावा. देणगी संपन्न अवस्थेत, कोणाचे देणे चुकविण्याचा हेतू मनात न धरता दिलेली होती. बुडण्याच्या बेतात असलेला मनुष्य आपली मिळकत बायकोच्या, मुलाच्या किंवा देवाच्या नावावर करून धनकोंना बगल देऊ पाहतो, तेव्हा कायदा ते हस्तांतरण रद्द ठरवू शकतो. प्रेमचंदांच्या देणगीस हा आक्षेप लागू पडण्यासारखा नव्हता.

राजाबाई मनोऱ्याविषयी एक आख्यायिका घरोघरी सांगितली जाते. राजाबाईंची दृष्टी गेली होती आणि सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा त्यांचा नियम होता. घंटेच्या टोल्यांवरून त्यांना वेळ कळावी म्हणून पुत्राने हा मनोरा उभारला, असे म्हणतात. इतिहासाच्या काटेकोर दृष्टीने ही कथा तपासून घ्यावी लागेल. परंतु चौविहार पाळणाऱ्या मातेच्या नियमाशी शहरातील सर्वांत उंच घड्याळाचा संबंध समाजाने जोडावा, यातच त्या मातेचे व त्या पुत्राचे स्थान दिसते.

प्रेमचंदांच्या उत्तरायुष्यात मिळकतीच्या कायद्यालाही निश्चित रूप आले. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ मध्ये संमत झाला आणि मुंबई इलाख्यास तो १८९३ पासून लागू झाला. नजरगहाण, कब्जेगहाण, मुदतखरेदी हे गहाणाचे प्रकार लोकांना परिचित होतेच. त्यांचे हक्क व मर्यादा आता लिहून ठरल्या. कर्ज फेडून आपली मिळकत परत सोडवून घेण्याचा गहाण देणाराचा हक्क त्यात मान्य झाला. आणि मुदत टळल्यावर न्यायालयात जाऊन तो हक्क संपुष्टात आणण्याचा किंवा मिळकत विकविण्याचा गहाण घेणाराचा मार्गही. मुंबई, कलकत्ता व मद्रास या व्यापारी शहरांसाठी एक सोयीचा प्रकार मान्य करण्यात आला. घराचे मूळ दस्तऐवज सावकाराकडे ठेवले की गहाण पूर्ण. आज आपल्यापैकी ज्यांनी बँकेचे कर्ज काढून सदनिका घेतली आहे, त्यांनी मूळ करारनामा व खरेदीचे कागद बँकेत ठेवले ते बहुतेक याच प्रकाराने. शेवटचा हप्ता फिटल्यावर ते कागद मोजून परत घेणे आणि बँकेचा बोजा नोंदीतून कमी करविणे ही दोन्ही कामे आठवणीने करावी लागतात. हप्ता संपल्याच्या आनंदात दुसरे राहून जाते आणि मुलाच्या वेळी घर विकताना ते आडवे येते.

१८६३ मध्ये सैल झालेली बंधने कशी असावीत, हे गृहकर्जाच्या आजच्या नियमांत पाहावयास मिळते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्केच रक्कम देता येते. उरलेला वाटा घेणाऱ्याचा स्वतःचा. भाव काही प्रमाणात उतरला तरी तारण कर्जाहून खाली जाऊ नये, हा त्यामागील हेतू. हप्ते ९० दिवसांहून अधिक थकले की खाते अनुत्पादक ठरते. २००२ च्या कायद्याने बँकेस न्यायालयात न जाता ६० दिवसांची नोटीस देऊन तारणाचा ताबा घेता येतो, आणि पुढे लिलावही करता येतो. लिलावाची जाहीर सूचना प्रसिद्ध होण्यापूर्वी सर्व देणे भरले तर घर वाचते. नोटीस आल्यावर ती देवघरातल्या कपाटात ठेवून देणारी कुटुंबे पाहिली की वाटते, ते साठ दिवस बँकेशी बोलण्यासाठी असतात, हे कोणीतरी वेळीच सांगावयास हवे होते. दस्तऐवजांचा तीस वर्षांचा शोध घेऊन मगच विसार देण्याची जुन्या वकिलांची रीतही अशीच. खर्च थोडा, निश्चिंती जन्माची.

बॅक बेच्या किनाऱ्याचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. कंपनी बुडाली, पण किनारा राहिला. त्या बाजूने रेल्वेचा मार्ग गेला आणि १८७० मध्ये चर्चगेट स्थानक सुरू झाले. समुद्र भरण्याचे काम १९२० नंतरच्या दशकात सरकारने पुन्हा हाती घेतले आणि त्यातून मरीन ड्राइव्ह व त्यालगतची घरे उभी राहिली. मोदी बे बाजूच्या एल्फिन्स्टन जमीन-कंपनीची मिळकत सरकारने १८७० मध्ये विकत घेतली, आणि १८७३ मध्ये स्थापन झालेल्या पोर्ट ट्रस्टचा तो पाया ठरला. जमिनीचा अंदाज चुकलेला नव्हता. चुकली ती मुदत. साठ-सत्तर वर्षांत पिकणाऱ्या मालावर सहा महिन्यांच्या मुदतीचे कर्ज काढलेले होते.

बुडालेल्या बँकेच्या जागी १८६८ मध्ये नवी बँक ऑफ बॉम्बे निघाली. १९२१ मध्ये ती बंगाल व मद्रास येथील बँकांसह इंपीरियल बँकेत विलीन झाली, आणि १९५५ मध्ये इंपीरियल बँकेची स्टेट बँक ऑफ इंडिया झाली. देशातील लक्षावधी कुटुंबांना घरासाठी कर्ज देणाऱ्या या बँकेच्या वंशावळीत प्रेमचंदांच्या काळातील ते दिवाळे आहे.

शेठजींची अखेरची वर्षे शांततेत गेली. लहान वयात अफाट वैभव, तरुणपणी सर्वनाश आणि मग चार दशके सचोटीचा धंदा, असे हे आयुष्य. उत्तरकाळातील त्यांच्या मदतीत गाजावाजा नव्हता. १९०६ मध्ये त्यांचे निधन झाले. तरुणपणी हा सारा प्रकार जवळून पाहिलेल्या सर दिनशा वाच्छा यांनी मुंबईच्या त्या आर्थिक प्रकरणावर आणि प्रेमचंदांच्या पूर्वायुष्यावर पुढे पुस्तके लिहिली. वाच्छांसारख्या काटेकोर हिशेबनिसास त्यांच्याविषयी लिहावेसे वाटले, ही साक्ष लहान नाही.

भायखळ्याच्या लव्ह लेनवरील त्यांचा प्रेमोद्यान हा बंगला कालांतराने कुटुंबाच्या हातून गेला. ती वास्तू रेजिना पॅसिस कॉन्व्हेंटकडे आली आणि तेथे मुलींचे शिक्षण होऊ लागले. प्रेमचंद रायचंद अँड सन्स ही पेढी त्यांच्या वंशजांनी पुढे चालविली. राजाबाई मनोऱ्याची झीज झालेली दगडी नक्षी, रंगीत काचा आणि घड्याळ यांचा जीर्णोद्धार २०१५ पर्यंत पूर्ण झाला, आणि २०१८ मध्ये ओव्हल मैदानाभोवतीच्या इमारतींसह तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. विद्यापीठाच्या मिळकतीत त्याची नोंद आहे, आणि त्याच्या नावात राजाबाईंचे नाव आहे.